कोकणातल्या कंपनीत ट्रेनिंगचं काम गळ्यात पडलंय? सुरुवात कुठून करायची ते सांगते

लोटे, खेर्डी, महाड, धाटाव, मिरजोळे, कुडाळ, कुठलीही एमआयडीसी घ्या, ट्रेनिंगचं खातं म्हणजे बहुतेक ठिकाणी एकच माणूस. आणि तोही अख्खा नाही. अर्धा एचआर, थोडा सेफ्टी, थोडा टाइम ऑफिस आणि उरलेल्या वेळात "तू जरा ट्रेनिंग पण बघ". मुंबई-पुण्यात मोठ्या कंपनीत या कामाची अख्खी टीम असते, अडलं की शेजारच्या टेबलावर विचारलं. आपल्याकडे विचारायचं कोणाला हाच पहिला प्रश्न, आणि हेड ऑफिसला विचारलं तर ते एक पीपीटी मेल करतात ज्यात गोरी माणसं काचेच्या ऑफिसात हसतायत.

तर ज्यांना हे काम नवीन आहे त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी स्वतः याच पट्ट्यात हे काम करते. पुस्तकी क्रम नाही, ज्या क्रमाने अडतं त्या क्रमाने सांगते.

१. पीपीटी उघडायच्या आधी कागद वाचा

पहिल्या आठवड्यात कोणालाही काही शिकवू नका. हे कागद मिळवा:

- प्रत्येक डिपार्टमेंटचं स्किल मॅट्रिक्स, म्हणजे कोणाला कुठलं काम किती येतं त्याचा तक्ता (नसेल तर नाही म्हणून लिहून ठेवा, तुमचं पहिलं काम तेच)
- मागच्या ऑडिटचे शेरे
- अपघात आणि निअर मिसचं (थोडक्यात टळलेल्या अपघातांचं) रजिस्टर
- रिजेक्शन आणि कस्टमर कंप्लेंटची यादी
- कॉन्ट्रॅक्टरची यादी, कोणाची किती माणसं, कुठल्या शिफ्टला
- मागच्या वर्षाचं ट्रेनिंग कॅलेंडर आणि त्यातलं खरंच काय झालं ते

कंपनी आयएसओ ९००१ वाली (क्वालिटीचं आंतरराष्ट्रीय मानक घेतलेली) असेल तर त्यातला ७.२ हा क्लॉज, म्हणजे कलम, स्वतः वाचा, क्वालिटीवाल्याच्या तोंडून ऐकू नका. तिथे हजेरीपट मागितलेला नाही. कामाला काय यायला हवं ते ठरवा, येत नसेल तर काहीतरी करा, केलेल्याचा उपयोग झाला का ते बघा, आणि याचा पुरावा ठेवा, एवढंच म्हटलंय. आपण वर्षानुवर्षं सह्यांचे कागद फायलीत लावतो आणि तिसऱ्या गोष्टीवर ऑडिटर विचारतो तेव्हा सगळे एकमेकांकडे बघतात.

२. गरज काय आहे ते फॉर्म वाटून कळत नाही

ही सगळीकडची पद्धत आहे, जानेवारीत एचओडींना (डिपार्टमेंटच्या प्रमुखांना) फॉर्म पाठवायचा आणि ते परत येतात तेव्हा सगळ्यांवर तेच तीन शब्द असतात, कम्युनिकेशन, टीमवर्क, टाइम मॅनेजमेंट. त्यांचाही दोष नाही, शुक्रवारी संध्याकाळी गाडी पकडायच्या घाईत भरलेला फॉर्म असतो तो.

त्यापेक्षा सेकंड शिफ्टला जाऊन बसा. फर्स्ट शिफ्टला सगळे साहेब असतात म्हणून सगळं नीट चालतं. सेकंडला सुपरवायझरसोबत चहा घ्या आणि एवढंच विचारा: नवीन माणूस पहिल्यांदा कुठे चुकतो? रात्री अडलं तर तुम्ही फोन कोणाला करता? मागचा लॉट कशाने परत आला? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात महत्त्वाचं, कारण ज्या माणसाला सगळे फोन करतात तो तुमचा खरा ट्रेनर आहे, त्याच्या डोक्यात जे आहे ते कुठल्याच एसओपीत (कामाच्या लेखी पद्धतीत) नाही, आणि तो रिटायर व्हायला आला असेल तर बाकी सगळं सोडून आधी त्याच्यामागे लागा.

दुसरं, जे दिसेल ते सगळं ट्रेनिंगचं समजू नका. ऑपरेटर वजन चुकवतोय म्हणून त्याला पाठवलंय तुमच्याकडे आणि जाऊन बघता तर काट्याचा डिस्प्लेच अर्धा दिसत नाहीये. याला क्लासमध्ये बसवून काय करणार? ही गरज मेंटेनन्सची आहे, तसं मेलवर लिहा, सभ्य भाषेत लिहा, पण लिहा. साधी चाचणी अशी की या माणसाला उद्या दहा हजार रुपये दिले तर तो हे काम बरोबर करेल का? करेल असं वाटत असेल तर त्याला येतंय, अडचण दुसरीकडे आहे.

३. कॅलेंडर कोकणचं करा

हेड ऑफिसच्या एक्सेलमध्ये आपला शिमगा नसतो. आणि शिमगा म्हणजे एक दिवस नाही हे पुण्याच्या माणसाला समजावता समजावता तोंड दुखतं. कुठल्या गावचे तेरसे शिमगे, कुठल्या गावचे भद्रेचे, म्हणजे गावागणिक दिवस वेगळे, पालखी कुठल्या वाडीत कधी येणार त्यावर माणूस रजा टाकतो, आणि रजा नाही दिली तरी तो जातोच. त्यात राष्ट्रीय सुरक्षा सप्ताह ४ ते १० मार्च, म्हणजे बऱ्याच वर्षी अगदी शिमग्याच्या तोंडावर. त्यामुळे सुरक्षा सप्ताहातले मोठे कार्यक्रम ठरवण्याआधी गाववार रजांचा अंदाज घ्या, टाइम ऑफिसमधला जुना माणूस तोंडी सांगेल.

गणपतीत काही ठेवू नका, त्याच्या आधीच्या आठवड्यातही नको, माणसं शरीराने असतात फक्त. जुलैत लावणी. एप्रिल-मे आंबा, ज्यांची कलमं आहेत ते दिसणार नाहीत आणि कॅनिंगवाल्या युनिटमध्ये तर श्वास घ्यायला वेळ नसतो, तिथलं स्वच्छतेचं ट्रेनिंग फेब्रुवारीत उरका. मासळीवाल्या युनिटना उलटं, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी असते, तेव्हा माल कमी आणि माणसं जरा मोकळी. केमिकलवाल्यांनी शटडाऊनच्या आधीचा आठवडा धरून ठेवा कारण बाहेरच्या कॉन्ट्रॅक्टरची माणसं तेव्हाच येतात आणि वर्क परमिट, बंद टाकीत उतरणं, लॉकआउट-टॅगआउट (दुरुस्तीआधी मशीन बंद करून कुलूप आणि पाटी लावणं) हे त्यांना गेटवर पाच मिनिटांत उरकून दिलं जातं. ते पाच मिनिटांचं नाहीये.

४. कायद्याचं आधी, बाकीचं मग

थोडक्यात सांगते. दहा किंवा जास्त माणसं असतील तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती हवीच आणि ठरावीक काळाने जागृतीची सत्रंही मालकाने घ्यायची आहेत, समितीच्या सदस्यांचं वेगळं. कॉन्ट्रॅक्टच्या बायकांना त्यात बसवा, त्यांनाच बहुतेक वेळा वगळलेलं असतं. खाद्यपदार्थाचं युनिट असेल तर एफएसएसएआयच्या (अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या) फॉस्टॅक ट्रेनिंगमधून दर २५ हाताळणाऱ्यांमागे एक प्रशिक्षित सुपरवायझर. आणि ३० किंवा जास्त माणसं असतील, कॉन्ट्रॅक्टची धरून, तर अ‍ॅप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे, एकूण माणसांच्या अडीच ते पंधरा टक्के. ते काम बऱ्याच ठिकाणी तुमच्याच टेबलावर येतं, म्हणून जवळच्या आयटीआयमधल्या बीटीआरआयच्या (अ‍ॅप्रेंटिसचं मूलभूत ट्रेनिंग बघणाऱ्या विभागाच्या) लोकांशी पहिल्या महिन्यातच ओळख करून ठेवा, त्यांचा पुढे वेगळाच उपयोग आहे तो खाली येतोच.

५. शिकवायचं कसं, तर करून दाखवायचं आणि करून घ्यायचं

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत कारखान्यांत नवीन माणसं पटापट तयार करायला एक पद्धत काढली होती, चार पायऱ्यांची. माणसाला तयार करा, काम करून दाखवा, त्याच्याकडून करून घ्या, नंतर जाऊन बघा. ऐंशी वर्षं झाली, शॉप फ्लोअरला याच्यापेक्षा कामाचं काही मला तरी सापडलेलं नाही. महत्त्वाचं म्हणजे तिसऱ्या पायरीला त्याने हाताने करताना तोंडाने सांगितलं पाहिजे की मी हे का करतोय. हात बरोबर चालतो पण कारण चुकीचं सांगतो, असे लोक नंतर अपघात करतात.

भाषेचं बघा. लोकल पोरं मराठी, कॉन्ट्रॅक्टची बरीच यूपी, बिहार, ओडिशाची. एकाच हॉलमध्ये दोघांना बसवून अर्धं मराठी अर्धं हिंदी बोललात तर कोणालाच काही कळत नाही. वेगळ्या बॅच करा, छोट्या करा.

आणि "समजलं का?" हे विचारायचंच बंद करा. आपल्याकडे सगळे मान हलवतात. साहेबाला नाही कसं म्हणायचं. लेखी टेस्टचाही तोच प्रकार, शेजारच्याचं बघून सगळ्यांना दहापैकी नऊ. हातात मास्क द्या आणि म्हणा घालून दाखव, दाढी असलेल्याचा मास्क हवाबंद बसतो का ते सगळ्यांसमोर बघा. त्या दोन मिनिटांत जेवढं कळतं तेवढं तासाभराच्या पीपीटीत नाही.

६. झालं की नाही हे कसं सांगायचं

डोनाल्ड कर्कपॅट्रिकने १९५९ मध्ये मांडलेल्या चार पातळ्या तुम्हाला सगळीकडे भेटतील: आवडलं का, शिकला का, कामावर तसं करतो का, आणि त्याने धंद्यात काय फरक पडला. बहुतेक कंपन्या पहिलीवरच थांबतात, म्हणजे तो फीडबॅक फॉर्म ज्यात सगळे "व्हेरी गुड" लिहितात कारण जेवण चांगलं होतं.

तुम्ही तिसरीवर जोर द्या. ट्रेनिंगनंतर महिना-दीड महिन्याने पाच-सहा मुद्द्यांची चेकलिस्ट घेऊन त्याच्या मशीनवर जायचं, उभं राहून बघायचं, टिक करायची, सुपरवायझरची सही. बस. हाच तो ७.२ चा पुरावा. चौथ्या पातळीवर मात्र उगाच दावे करू नका की माझ्या सेशनमुळे रिजेक्शन कमी झालं, कारण त्याच महिन्यात नवीन मशीनपण आलेलं असतं आणि प्रॉडक्शन हेड मीटिंगमध्ये ते बरोबर बोलून दाखवतो.

७. आता मुख्य, स्वतःसारखी माणसं शोधा

वरचं सगळं एकट्याने जमतं. पण एकट्याने करत राहिलात तर तिसऱ्या वर्षी तेच इंडक्शन (नवीन माणसाचं सुरुवातीचं ट्रेनिंग), तेच जोक, तीच उदाहरणं, आणि तुम्हाला कोणी सांगणारही नाही की हे कंटाळवाणं झालंय, कारण तुमच्या कंपनीत ते कळणारं दुसरं कोणी नाही. माझं ठाम मत आहे की आपल्या भागात या कामात पुढे जायचं असेल तर सर्टिफिकेटआधी चार माणसं लागतात.

कुठे मिळतात? "ट्रेनिंग मॅनेजर" अशी पाटी शोधू नका, सापडणार नाही. केमिकल पट्ट्यात जिथे कंपन्यांची म्युच्युअल एडची (आणीबाणीत एकमेकांना मदतीची) व्यवस्था असते तिथे मॉक ड्रिलला सेफ्टीवाले एकत्र येतात, त्यातले निम्मे आपलंच काम करत असतात. इंडस्ट्रीज असोसिएशनच्या मीटिंगला येणारे एचआरवाले. आयटीआयचे निदेशक आणि बीटीआरआयवाले, हे लोक शिकवण्यात आपल्यापेक्षा कितीतरी मुरलेले असतात आणि आपण त्यांना विसरतो. मोठ्या हॉस्पिटलात नर्सना शिकवणाऱ्या सिस्टर. मालवण-तारकर्लीच्या हॉटेलांत सीझनआधी पोरं तयार करणारे. कृषी विज्ञान केंद्रातले लोक, जे शेतकऱ्याला बांधावर उभं राहून शिकवतात, मोठ्या माणसाला शिकवायचं कसं हे त्यांच्याकडून बघण्यासारखं आहे.

सुरुवात चार-पाच जणांनी करा, जास्त नको. महाड ते रत्नागिरी पट्ट्याला चिपळूण मधे पडतं, सिंधुदुर्गवाल्यांनी कणकवली किंवा कुडाळ धरावं. अख्ख्या कोकणाचा एक गट करायचा उत्साह सगळ्यांना येतो, करू नका. हायवेची अवस्था आणि पावसाळ्यातलं रेल्वेचं वेगळं टाइमटेबल बघता दुसऱ्याच भेटीला निम्मे गळतात. दोन महिन्यांतून एकदा, शनिवारी दुपारनंतर, आणि शेवटच्या आठवड्यात नको कारण तेव्हा डिस्पॅच आणि पगाराची गडबड.

भेटून करायचं काय? नुसतं भेटलं की गजाली (गप्पा) होतात, त्याही व्हाव्यात पण शेवटी. आमच्याकडे जमलेला आकार असा: एकाने स्वतःच्या सेशनचा पंधरा मिनिटांचा तुकडा खरोखर घ्यायचा, बाकीच्यांनी ऑपरेटर व्हायचं. मग प्रत्येकाने सांगायचं कुठे लक्ष उडालं, कुठे कळलं नाही. आधी अंगावर येतं. एकदा आयटीआयच्या एका निदेशकांनी मला सगळ्यांसमोर म्हटलं, "मॅडम, तुम्ही प्रश्न विचारता आणि उत्तर पण तुम्हीच देता, समोरच्याला तोंड उघडायला जागाच नाही." कंपनीत एवढ्या वर्षांत हे कोणी बोललं नव्हतं. त्यानंतर एकाची अडचण, फक्त एकाची, बाकीच्यांनी पहिली दहा मिनिटं सल्ला न देता नुसते प्रश्न विचारायचे. आणि मग चहा आणि गजाली.

दुसरा मोठा फायदा म्हणजे अदलाबदल. तुमच्याकडे फायरचा चांगला माणूस आहे, त्यांच्याकडे फर्स्ट एडचा, तर एकेक दिवस द्या. मुंबईहून ट्रेनर बोलवायचा तर त्याची फी, गाडी, मुक्काम, आणि तो स्लाइडवर दाखवणार पुण्याचा ऑटोमोबाइल प्लांट. शेजारच्या कंपनीचा माणूस तुमच्या माणसांना त्यांच्याच भाषेत सांगतो.

दुसऱ्या प्लांटला जाताना हे लागतं, नाहीतर गेटवरच तास जातो:

- तुमच्या कंपनीच्या लेटरहेडवर पत्र, कोण येतंय आणि कशासाठी
- दोन्हीकडच्या प्लांट हेडचा होकार, मेलवर, तोंडी नाही
- फोटो आयडी आणि गाडीचे कागद, केमिकल प्लांट असेल तर पीयूसीपण बघतात
- स्वतःचे सेफ्टी शूज आणि हेल्मेट
- मोबाइल आत नेता येणार का हे आधी विचारून ठेवा, बऱ्याच ठिकाणी जमा करावा लागतो, त्यामुळे नोट्सला वही

आणि आता यातले खड्डे. एक, कंपनीचे कागद. एसओपी, लेआउट, बॅच शीट, अपघाताचा रिपोर्ट यातलं काहीही गटात जसंच्या तसं टाकायचं नाही, केमिकलमध्ये तर अजिबात नाही, नोकरी जाईल. पद्धत शेअर करा, मजकूर नाही. कोरी चेकलिस्ट, कोरा फॉर्म, सेशनचा आराखडा चालतो.

दोन, साहेबांची भीती. प्लांट हेडला वाटतं हे लोक भेटून आमची माणसं पळवणार. त्यामुळे पहिला नियमच करा की गटात नोकरीच्या जागा टाकायच्या नाहीत, आणि तो नियम साहेबांना दाखवा. परवानगी मिळण्याचं हे सगळ्यात सोपं कारण आहे.

तीन, व्हॉट्सअ‍ॅप. गुड मॉर्निंग, देवांचे फोटो, मग कोणीतरी ओळखीच्या ट्रेनरला आत घेतं आणि तो दर मंगळवारी स्वतःची जाहिरात टाकतो. फक्त अ‍ॅडमिन पोस्ट करू शकेल असं ठेवा, बोलणं भेटीत. विकायला येणाऱ्याला वर्षातून एकदा बोलवा, फुकट सेशन घ्यायला लावा.

चार, पदं. अध्यक्ष, सेक्रेटरी, लोगो, उद्घाटनाला पाहुणे, हार. हे सुरू झालं की शिकणं थांबलं समजा. एक जण तारीख ठरवतो, ज्याच्याकडे भेट त्याचा चहा, एवढी रचना पुरते.

८. सर्टिफिकेट आणि संस्था

वर्षभर काम झाल्यावर याकडे वळा. आपल्या देशात या कामाची जुनी संस्था म्हणजे इंडियन सोसायटी फॉर ट्रेनिंग अँड डेव्हलपमेंट, १९७० ची, मुख्यालय दिल्लीला, चॅप्टर मुंबई-पुण्याला आहेत. त्यांचा ट्रेनिंग अँड डेव्हलपमेंटचा डिप्लोमा नोकरी करून करता येतो, घरबसल्या अभ्यास असल्याने आपल्याकडच्यांना सोयीचा. एचआरच्या बाजूला जायचं असेल तर एनआयपीएम (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ पर्सोनेल मॅनेजमेंट) आणि नॅशनल एचआरडी नेटवर्क बघा. आयटीआयमध्ये निदेशक व्हायचं असेल तर सीआयटीएस, म्हणजे निदेशकांसाठीचा सरकारी कोर्स, तो वेगळा रस्ता आहे.

अमेरिकेतली ट्रेनिंगवाल्यांची संस्था एटीडी (असोसिएशन फॉर टॅलेंट डेव्हलपमेंट), म्हणजे २०१४ पर्यंत जिला एएसटीडी म्हणायचे, १९४३ पासूनची आहे आणि त्यांची एपीटीडी, सीपीटीडी ही सर्टिफिकेशन्स जगभर चालतात. पण फी डॉलरमध्ये, अनुभवाची अट आहे आणि परीक्षा कठीण. मल्टिनॅशनलमध्ये किंवा मुंबईला जायचा विचार असेल तरच खर्च करा. कुडाळच्या काजू युनिटच्या मालकाला सीपीटीडी म्हणजे काय हे समजावण्यात तुमचा इन्क्रिमेंटचा वेळ जाईल.

जिथे सावध राहायचं ते म्हणजे दोन दिवसांत, एका वीकेंडला, "इंटरनॅशनल मास्टर ट्रेनर" करून देणारे. पैसे भरायच्या आधी विचारा: माझं सेशन कोणी प्रत्यक्ष बघणार का? नापास करता का कोणाला? तुमच्याकडून केलेल्या दोन जणांचा नंबर द्याल का? तिन्हीला गोल उत्तर आलं तर पैसे ठेवा खिशात. तेवढ्यात फर्स्ट एडचा नीट कोर्स होतो आणि तो आयुष्यभर कामाला येतो.

९. स्वतःची फाइल

नोकरी बदलताना "मी ट्रेनिंग केलं" याला पुरावा लागतो आणि कंपनीचा डेटा नेता येत नाही. म्हणून घरी एक वही ठेवा. प्रत्येक सेशनला चार ओळी: गरज काय होती, काय केलं, महिन्याने काय दिसलं, पुढच्या वेळी काय बदलेन. कंपनीचं, माणसांचं नाव नाही. इंटरव्ह्यूला यातल्या तीन गोष्टी नीट सांगता आल्या की समोरच्याला कळतं हा हजेरीपटवाला नाही.

१०. पहिली भेट

गणपती आणि दिवाळीच्या मधला शनिवार बघा, पाऊस ओसरलेला असतो आणि साहेब जरा बरे असतात. विषय एकच ठेवा, इंडक्शन, कारण ते सगळ्यांकडे असतं आणि सगळ्यांकडे वाईट असतं. प्रत्येकाने आपल्या इंडक्शनची नुसती विषयांची यादी एका कागदावर आणायची आणि प्रत्येक विषयासमोर लिहायचं की नवीन माणसाला हे पहिल्या दिवशी लागतं, पहिल्या महिन्यात लागतं, की फक्त ऑडिटला लागतं. लॅपटॉप नको. यायला उशीर होणार हे धरून तीनची वेळ सांगा म्हणजे साडेतीनला सुरू होईल, आणि परतीच्या एसटीची वेळ आधीच बघून ठेवा.